एकाच अळणीवर दोन रस्से : मार्शल डीएसएल ४० सीआरवर ऱ्हिदम आणि लीड लावताना

मार्शलच्या डीएसएल ४० सीआर या गिटार अँपच्या पॅनलवर गेनचे (आवाज किती फाटावा ते ठरवणारे) नॉब दोन, व्हॉल्यूमचे दोन, रिव्हर्बचे दोन, एकूण आवाजाचे मास्टरसुद्धा दोन. ट्रेबल, मिडल आणि बेस मात्र एकेकच. या अँपबद्दल चांगलं-वाईट जे काही बोलायचं ते इथूनच सुरू होतं. ऱ्हिदम (गाण्याची साथ) आणि लीड (सोलो) हे दोन वेगळे आवाज एकाच इक्यूमधून, म्हणजे ट्रेबल-मिडल-बेसच्या एकाच जुळणीतून काढायचे आहेत. कोल्हापूरकराला हे वेगळं समजवायला नको. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से एकाच अळणी पाण्यावर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर होतात. ते पाणी बिघडलं की वरून कितीही चटणी घाला, दोन्ही पातेली गेली. इथे अळणी पाणी म्हणजे ऱ्हिदमचा इक्यू. तो आधी लावायचा, पूर्ण बँड वाजत असताना लावायचा, आणि लीडसाठी त्याला परत हात लावायचा नाही. लीड वर काढायचा तो दुसऱ्या मास्टरने, आणि लागलंच तर एका पेडलने. गेनने नाही.

यंत्र काय आहे ते थोडक्यात. ४० वॅटचा ट्यूब कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत), १२ इंची सेलेस्टियन व्ही-टाइप स्पीकर, स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर विभागात ईएल३४ ट्यूबची जोडी आणि त्याआधी गिटारचा सिग्नल घडवणाऱ्या प्रीअँपला चार ईसीसी८३ ट्यूब. वजन साधारण २३ किलो, म्हणजे राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या रिहर्सल रूममध्ये न्यायचा तर दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. घराणं १९९७ च्या जेसीएम २००० मालिकेतल्या डीएसएलचं. सीआर हे मॉडेल २०१८ मध्ये आलं. चॅनल दोन, पण प्रत्येकाचे दोन मोड: क्लासिक गेनमध्ये क्लीन (स्वच्छ) आणि क्रंच (थोडा फाटका), अल्ट्रा गेनमध्ये ओडी१ आणि ओडी२ (ओव्हरड्राइव्ह, म्हणजे जास्त फाटके). म्हणून दुकानदार 'चार चॅनल' म्हणून सांगतात. तसं ते नाही. क्लीन आणि क्रंचला गेन-व्हॉल्यूमचे नॉब तेच, ओडी१ आणि ओडी२ लाही तेच. क्लीनसाठी गेन ४ वर ठेवलात की क्रंचही ४ वरच मिळणार. हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

४० वरून २० वॅटवर नेण्याची सोय आहे. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वॅट निम्मे झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट कमी वॅट लागतात. शेजाऱ्यांना या बटणाने काही दिलासा मिळत नाही. खरा उपयोग असा की २० वर पॉवर विभाग थोडा लवकर दमतो आणि क्रंच जरा मऊ होतो.

आता मुख्य काम. घरात, खोलीचं दार लावून, मास्टर जेमतेम एका अंकावर ठेवून लावलेला आवाज स्टेजवर हमखास फसतो. कारण अँपमध्ये नाही, कानात आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरची तार कमी ऐकू येते; फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून मांडलं. म्हणून घरी आपण बेस ७, ट्रेबल ७, मिडल ३ करतो आणि आवाज भारी वाटतो. तोच ड्रमच्या बरोबरीला आणला की खर्ज घुमतो, वरचा आवाज कानाला बोचतो आणि मधलं सगळं गायब. गिटारची ओळख तर त्या मधल्यातच असते, ढोबळमानाने ५०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ या पट्ट्यात. तोच काढून टाकला तर कीबोर्ड आणि झांजांच्या मधे गिटार उरते ती फक्त किरकिर म्हणून.

दुसरी चूक उभं राहण्याच्या जागेची. कॉम्बो जमिनीवर, वाजवणारा दीड फुटावर, आणि स्पीकर त्याच्या पोटऱ्यांना आवाज ऐकवतोय. १२ इंची स्पीकर वरच्या फ्रीक्वेन्सी टॉर्चच्या झोतासारख्या सरळ समोर फेकतो. तो झोत तुमच्या कानावर येतच नाही, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता. समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्याच्या कानाला मात्र दाभण टोचतं. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, आणि इक्यू लावताना एकदा तरी दोन-तीन मीटरवर, स्पीकरच्या उंचीला कान आणून ऐका. हे केल्यावर बहुतेकांचा ट्रेबल दीड-दोन अंकांनी आपोआप खाली येतो.

तर ऱ्हिदम. अल्ट्रा चॅनल, ओडी१. टोन शिफ्टचं बटण बंद, दोन्ही रिव्हर्ब शून्यावर. ट्रेबल ५, मिडल ६, बेस ४, प्रेझेन्स ४, रेझोनन्स ३. गेन ४. चॅनलचं व्हॉल्यूम ५, आणि पहिला मास्टर (मास्टर १) हळूहळू ड्रमच्या बरोबरीला येईपर्यंत वर. बहुतेक खोल्यांत तो ३ च्या पुढे जात नाही. गिटारला हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर इथून सुरुवात करा. सिंगल कॉइल असेल तर गेन ५ ते साडेपाच, ट्रेबल ४. ड्रमर आणि बेसवाल्याला वाजवत ठेवा. एकटं वाजवून लावलेला इक्यू फुकट आहे, कारण प्रश्न गिटार कशी वाजते हा नाही, बाकीच्यांत कशी बसते हा आहे.

पहिली कसोटी: सहाव्या तारेवर पाम म्यूट करून (तळहाताची कड तारेवर टेकवून) आठव्या मात्रा. प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. 'धुम्म' होऊन एकमेकांत मिसळत असेल तर आधी रेझोनन्स २ वर आणा, मग बेस ३ वर, आणि तरी चिखल राहिला तर गेन अर्ध्या अंकाने कमी करा. गिटारची मोकळी सहावी तार ८२ हर्ट्झवर आहे आणि बेस गिटारची ४१ वर. ८०–१२० च्या पट्ट्यात बेस गिटार, किक ड्रम आणि तुमचा बेस नॉब तिघंही भांडतात, आणि तिथे गिटार हरलेली बरी. दुसरी कसोटी: पाच-सहा तारांचा मोकळा कॉर्ड वाजवा आणि त्यातला तिसरा सूर (सा-रे-ग मधला 'ग') ऐका. मेजर की मायनर हे कळत नसेल तर गेन जास्त आहे. डिस्टॉर्शन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार करतं. दोनच सुरांच्या पॉवर कॉर्डमध्ये ते खपतात, पूर्ण कॉर्डमध्ये त्यांची गिचमिड होते. आठ-दहा गेन ठेवून 'अँप घाण आहे' म्हणणाऱ्यांचा निम्मा राग इथेच विरघळतो.

ट्रेबल-मिडल-बेस फिरवताना एक लक्षात ठेवा: हे तीन नॉब स्वतंत्र नाहीत. मार्शलचा टोन स्टॅक पॅसिव्ह आहे, म्हणजे तो काही वाढवत नाही, फक्त कमी-जास्त अडवतो, आणि तिन्ही नॉब एकाच साखळीत आहेत. ट्रेबल उतरवला की मिडलचा परिणाम बदलतो. सगळे पाचवर ठेवले म्हणजे आवाज 'सपाट' झाला असंही नाही. मधे खळगा राहतोच. म्हणून मिडल ६–७ वर पाहून घाबरू नये. इक्यूचा एक नॉब हलवला की उरलेले दोन परत तपासायचे, या क्रमाने: बेस, मिडल, शेवटी ट्रेबल. आणि टोन शिफ्ट? ते बटण मधला भाग खरवडून काढतं. खोलीत एकट्याने मेटल वाजवायला मजा येते, बँडमध्ये ते दाबलं की गिटारवाला घरी गेल्यासारखा वाटतो. आमच्या मते ते बटण पॅनलवर नसतं तरी चाललं असतं.

प्रेझेन्स आणि रेझोनन्स या दोघांचा स्वभाव वेगळा. ते प्रीअँपमध्ये नाहीत. पॉवर विभागातल्या निगेटिव्ह फीडबॅकवर (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग मागे आणणाऱ्या वाटेवर) काम करतात, प्रेझेन्स वरच्या टोकाला आणि रेझोनन्स खालच्या. परिणाम असा की मास्टर जेमतेम एका अंकावर असताना ते फारसे कळत नाहीत आणि अँप मोकळा सोडला की अचानक बोलू लागतात. म्हणून हे दोन नॉब नेहमी शेवटी, कार्यक्रमाच्या खऱ्या आवाजावर. रेझोनन्स तर जागेप्रमाणे बदलायचाच नॉब आहे. फरशी-काचांच्या मंगल कार्यालयात, अँप भिंतीला चिकटलेला, त्यातही कोपऱ्यात, तर खर्ज आधीच दुणावलेला असतो. रेझोनन्स १ ते २, आणि अँप भिंतीपासून हातभर पुढे. उघड्या मांडवात परत फेकायला भिंतच नसते. तिथे ४–५ चालतो.

आता फूटस्विच, आणि एका संध्याकाळी लागणारे तीन-चार आवाज त्यात कसे बसवायचे ते. सोबत येणारा फूटस्विच दोन बटणांचा. एक चॅनलला, दुसरं मास्टर १–२ ला द्या. रिव्हर्बला बटण वाया घालवू नका, रिव्हर्ब कुणी गाण्याच्या मधे बंद करत नाही. रॉक वाजवणाऱ्या चौघांच्या बँडला ही मांडणी जमते: क्लासिक चॅनल क्रंचवर, गेन ६, गिटारचं व्हॉल्यूम १० वर असताना कडक ऱ्हिदम, ४–५ वर आणलं की जवळजवळ क्लीन. अल्ट्रा चॅनल ओडी१ वर, जड ऱ्हिदमसाठी. मास्टर २ म्हणजे लीड. एकूण चार आवाज, दोन बटणं आणि गिटारवरचा एक नॉब. गिटारचं व्हॉल्यूम उतरवल्यावर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होत असेल तर अँपचा दोष नाही. व्हॉल्यूम पॉटवर ट्रेबल ब्लीडचा छोटा कपॅसिटर घालून घ्या. काही रुपयांचं काम आहे.

ऑर्केस्ट्राचं गणित वेगळं. तिथे रात्रभरात तीस-चाळीस गाणी, त्यातली बहुतेक क्लीनवर, आणि दोन-चार गाण्यांतच वाजवायचं ते फाटक्या आवाजाचं म्यूझिक. क्लासिक चॅनल क्लीनवर ठेवा, गेन ३ ते ४, व्हॉल्यूम मोकळं. क्लासिक रिव्हर्ब ३. अल्ट्रा ओडी१ वर, गेन ५, तोच लीड. इथे इक्यू एकच असल्याचा चिमटा सर्वांत जास्त बसतो. क्लीनला थोडी चमक लागते, म्हणजे ट्रेबल ६. तोच ट्रेबल ओडी१ ला वाळू खाल्ल्यासारखा लागतो. मार्ग असा: इक्यू ओडी१ साठीच लावा, आणि क्लीनची चमक गिटारमधून काढा. क्लीनसाठी मधला किंवा ब्रिज-मिडल पिकअप, टोन १०. लीडसाठी नेक पिकअप किंवा ब्रिजवर टोन ६–७. अँपला जे जमत नाही ते पिकअप सिलेक्टर फुकटात करतो. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड असलेल्या सेटमध्ये बेस आणखी अर्धा अंक कमी करा, कारण कीबोर्डवाल्याचा डावा हात २०० ते ५०० हर्ट्झमध्ये ठाण मांडून बसलेला असतो, आणि त्याला हात उचल म्हणून सांगणं नॉब फिरवण्याइतकं सोपं नसतं.

एमआयडीआय पोर्ट आहे, म्हणून दोन बटणांच्या पुढे जाता येतं. एमआयडीआय पेडलवरून चॅनल, मोड, मास्टर, लूप (प्रीअँप आणि पॉवर विभागाच्या मधे पेडल जोडायची वाट), रिव्हर्ब अशा स्विचिंगच्या जुळण्या साठवून ठेवता येतात. साठवलं जातं ते फक्त स्विचिंग. नॉब जिथे आहेत तिथेच राहतात. पण एका टाचेने 'क्लीन, रिव्हर्ब चालू, मास्टर १' वरून 'ओडी१, डिले चालू, मास्टर २' वर जाता येतं, आणि ऑर्केस्ट्राच्या माणसाला हे सोन्यासारखं आहे.

आता लीड. सोलो वाजवताना ऐकू येत नाही म्हणून गेन ४ चा ७ करायचा, ही सर्वांची पहिली प्रतिक्रिया. आणि तिने सोलो आणखी मागे जातो. का? प्रीअँपच्या ट्यूब एकापाठोपाठ एक सिग्नलची टोकं छाटत (क्लिप करत) असतात. त्या एकदा भरल्या की वरून ओतलेला सिग्नल मोठा होत नाही, फक्त जास्त चेपला जातो. पिकचा पहिला ठोका, ज्यामुळे सूर पुढे उडी मारतो, तोच सपाट होतो. सूर लांबतो खरा, पण पुढे येत नाही. वर ट्यूबचा फुसफुसाट आणि शिट्टी वाढते ती वेगळीच. ओडी२ चंही दुखणं हेच. खर्ज जास्त, चेपणं जास्त, आणि ऱ्हिदमसाठी लावलेल्या इक्यूवर तो जाड होऊन बसतो. ओडी२ वापरायचाच असेल तर गेन ३ च्या वर नेऊ नका आणि बेस ३ वर ठेवा. पण मग ओडी१ पातळ पडतो. आम्ही ओडी२ सोडूनच देऊ.

मास्टर २ मात्र नेमका याच कामाचा आहे. चॅनलचं व्हॉल्यूम इफेक्ट्स लूपच्या आधी येतं आणि मास्टर लूपच्या नंतर. म्हणून मास्टर २ ने आवाजाची जात न बदलता आवाज वाढतो. लीडला ऱ्हिदमपेक्षा ३ ते ४ डेसिबल पुरतात. ६ दिले की साउंडवाला मिक्सरवर तुम्हाला खाली ओढतो आणि सोलो संपल्यावर परत वर करायला विसरतो. मोबाइलवर आवाज मोजायचं साधं अॅप उघडा, दोन मीटरवर ठेवा, ऱ्हिदमचा एक भाग वाजवून आकडा पाहा, मग मास्टर २ तेवढा वर. मोबाइलचा आकडा खरा नसला तरी दोन आकड्यांतला फरक कामापुरता बरोबर येतो. आणि हे करताना मास्टर १ ला जागा ठेवा. तो ५ वर असेल तर पॉवर विभाग आधीच दमलेला असतो आणि मास्टर २ ला ८ वर नेऊनही फरक पडत नाही.

एवढ्यावर भागलं तर पेडल नको. नाही भागलं तर दोन रस्ते आहेत, आणि कोणता पेडल कुठे लावायचा यातच बहुतेकांची गफलत होते. अँपच्या समोर, म्हणजे गिटार आणि इनपुटच्या मधे, लावलेला बूस्ट गेन वाढवतो. लूपमध्ये लावलेला बूस्ट व्हॉल्यूम वाढवतो. ओडी१ वर आधीच भरलेल्या प्रीअँपसमोर क्लीन बूस्ट लावून 'आवाज वाढतच नाही' म्हणणं म्हणजे भरलेल्या घागरीवर नळ सोडण्यासारखं आहे.

समोर लावायचा असेल तर ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल: ड्राइव्ह शून्य, लेव्हल ८ ते १०, टोन मध्यावर. तो साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी करतो आणि मधला पट्टा उचलतो. म्हणजे एकाच इक्यूच्या अँपला तो लीडपुरता दुसरा इक्यू देतो. क्रंचवर गेन ५ ठेवून याचं बटण दाबलं तर मिळणारा लीड आम्हाला ओडी२ पेक्षा कितीतरी जास्त आवडतो. सूर ठसठशीत येतो, तारेवरचं बोट कळतं. लूपमध्ये लावायचा असेल तर ग्राफिक इक्यू. बॉस जीई-७ ला १०० हर्ट्झपासून ६.४ किलोहर्ट्झपर्यंत सात पट्ट्या आहेत, प्रत्येकी १५ डेसिबल वर-खाली. लीडसाठी १०० खाली ४, २०० खाली २, ८०० वर ४, १.६ किलो वर ३, ६.४ किलो खाली ३, आणि लेव्हल वर ३. हे एकदा लावा, स्लाइडरवर पारदर्शक टेप मारा. पिशवीत घासून स्लाइडर हलतात, आणि हॉलमध्ये पोहोचल्यावर लीड कुठे गेला म्हणून शोधत बसावं लागतं.

डिले (प्रतिध्वनीचा पेडल) हाही लूपमध्येच, इक्यूच्या नंतर. समोर लावलात तर प्रत्येक प्रतिध्वनी डिस्टॉर्शनमधून जातो आणि सगळा राडा होतो. वेळ काढायची ती ६०,००० ला टेम्पोने भागून: १२० च्या गाण्याला ५०० मिलिसेकंद, डॉटेड आठवी हवी असेल तर त्याचा पाऊण, ३७५. मिक्स २० टक्के, रिपीट दोन ते तीन. डिले चालू असेल तर अल्ट्राचा रिव्हर्ब १ वर. दोन्ही भरपूर दिले की सोलो विहिरीतून आल्यासारखा वाटतो. अँपचा रिव्हर्ब डिजिटल आहे, स्प्रिंगचा नाही. क्लीनवर ठीक, त्यापलीकडे त्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

साउंडवाल्याकडे आवाज द्यायचा तर माइक उत्तम. एसएम५७ जातीचा माइक स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर, जाळीपासून दोन-तीन बोटं. मध्यावर आणला की तीक्ष्ण, कडेकडे नेला की मऊ. इक्यूला हात लावण्याआधी माइक एक इंच हलवून पाहा. माइक नसेल तर मागच्या एम्युलेटेड आउटमधून (स्पीकरच्या आवाजाची नक्कल देणाऱ्या जॅकमधून) थेट मिक्सरला जाता येतं. माइकच्या बरोबरीचं नाही, पण मिरवणुकीच्या ट्रॉलीवर, शेजारी डॉल्बी दणदणत असताना, माइकमध्ये गिटारपेक्षा डॉल्बीच जास्त शिरते. तिथे हाच पर्याय शहाणपणाचा. दोन्ही वेळा मिक्सरवर ८०–१०० हर्ट्झच्या खाली लो कट मागून घ्या.

मांडवाच्या विजेबद्दल जरा खोलात जायला हवं, कारण आवाजाच्या तक्रारींचं मूळ कधीकधी नॉबमध्ये नसतंच. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि ते २३० व्होल्टच्या हिशेबाने ट्रान्सफॉर्मरमधून येतात. गल्लीतली सगळी लाइटिंग पेटली, मंडळाची लाइन १९० वर आली, की ट्यूब गार पडतात, आवाज मऊ आणि दबका होतो, आणि माणूस ट्रेबल वाढवत बसतो. जनरेटरवर उलटंही होतं: मोठा लोड सुटला की व्होल्टेज उडी मारतं आणि ट्यूबवर ताण येतो. मल्टिमीटर बोर्डात घालून पाहा. २२० ते २४० च्या बाहेर असेल तर ५०० व्हीएचा स्टॅबिलायझर मधे घाला. अर्थिंग नसेल तर घरघर येते. त्याहून वाईट म्हणजे तारेवर हात आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो. घरघर कमी होते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. ते करू नका. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. घरघरीचं निम्मं कारण दोन वेगळ्या बोर्डांचं वेगळं अर्थिंग हेच असतं. मांडवातले एलईडी तोरणांचे अडॉप्टरही सिंगल कॉइलला किरकिर देतात. गिटार घेऊन जागेवरच हळूहळू फिरा, एका कोनात ती कमी होते, तिथेच उभे राहा.

पावसाळा हा या अँपचा कोल्हापुरातला खरा शत्रू. जून ते सप्टेंबर हवेत ओल इतकी की टोलेक्सवर (अँपच्या पेटीवरच्या आवरणावर) बुरशी धरते आणि जॅकच्या आत गंज. त्यातून होणारा सर्वांत फसवा बिघाड इफेक्ट्स लूपच्या रिटर्न जॅकचा. लूपमध्ये काही लावलेलं नसताना सिग्नल त्या जॅकच्या आतल्या स्विचमधून जातो. तो गंजला की आवाज अचानक निम्मा होतो, कधी खरखरतो, आणि लोक ट्यूब बदलायला निघतात. आधी एक छोटी पॅच केबल सेंड आणि रिटर्नमध्ये लावून पाहा. आवाज परत आला तर दोष जॅकचाच. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. नॉब खरखरत असतील तर तेच औषध. अँप जमिनीवर थेट ठेवू नका, लाकडी फळीवर ठेवा, कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि वाजवायचं नसलं तरी आठवड्यातून अर्धा तास चालू करा. ट्यूबची ऊबच ओल घालवते. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना तळमजल्याबद्दल वेगळं सांगायला नको.

लीडच्या सुरासोबत टणत्कार किंवा न सांगता शिट्टी येऊ लागली तर पहिली प्रीअँप ट्यूब मायक्रोफोनिक झाली असण्याची शक्यता मोठी. अँप चालू ठेवून प्रत्येक ईसीसी८३ वर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. जिची टिचकी स्पीकरमधून मोठ्याने ऐकू येते ती दोषी. इनपुटजवळची ट्यूब मागच्या कुठल्या तरी ट्यूबशी अदलाबदल करून बघा, अँप बंद करून आणि काच गार झाल्यावर. ईसीसी८३ बदलायला बायस (ट्यूबमधल्या करंटची जुळणी) लागत नाही. ईएल३४ ला लागतो: जोडी मॅच्ड हवी, आणि बायस तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यायचा, कारण आत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ शिल्लक राहतात. ईएल३४ ची एक जोडी आधीच आणून ठेवा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर माणूस पाठवण्यात अर्थ नाही. आणि स्पीकरची वायर न जोडता अँप कधीही चालू करू नका; ट्यूब अँपला बोजा लागतोच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. उद्यमनगरात मोटार रिवाइंड करणारे हात भरपूर आहेत, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग थरांमधे वाटून गुंफलेलं असतं. ते मोटारीसारखं भरून चालत नाही.

दोन चॅनलला दोन वेगळे इक्यू हवेतच असा हट्ट असेल तर हा अँप तुमचा नाही. पीव्हीच्या ६५०५ ला इक्यू एकच आहे, पण ६५०५ प्लसला दोन वेगळे आहेत. ब्लॅकस्टारच्या एचटी क्लब ४० मध्ये क्लीनला बेस-ट्रेबल स्वतंत्र. मेसाच्या मार्क फाइव्हला तीन चॅनल आणि तिन्हींना आपापले नॉब, पण किंमत आणि वजन दोन्ही वेगळ्या गावचं. बजेट कमी आणि गाणी जास्त असतील तर बॉसचा कटाना घ्या. ट्यूब नाहीत, पण प्रत्येक आवाज इक्यूसकट साठवता येतो, आणि ऑर्केस्ट्रावाल्याला आम्ही आधी तोच सुचवू. डीएसएल घ्यावा तो क्रंच आणि ओडी१ साठी. गिटारचं व्हॉल्यूम ७ वरून १० वर नेलं की जे काही होतं, ते कटानात तसं होत नाही.

सगळं जमल्यावर नॉबच्या जागा खुणावून ठेवा. पॅनलवर पेन चालवू नका. नॉबच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा, मंगल कार्यालयासाठी एक रंग, मांडवासाठी दुसरा. रेझोनन्स, प्रेझेन्स आणि दोन्ही मास्टर या चौघांनाच दोन-दोन खुणा लागतील. इक्यूच्या तिघांना एकेकच. फूटस्विचची जादा वायर पिशवीत असू द्या. ट्रॉलीवर पहिली तुडवली जाते ती तीच.